विद्याधररावांची कानडी

विद्याधरराव टेंब्यांना सकाळचा पहिला राग दुधाच्या पिशवीबरोबर येई. पूर्वी दूध माणूस आणून देत असे आणि दोन शब्द बोलून जात असे. आता दूध ॲपवरून येतं आणि मागोमाग फोन विचारतो, कालचं दूध कसं वाटलं, किती तारे द्याल? "दुधाला तारे!" विद्याधरराव दारात उभे राहून ओरडत. "उद्या सूर्य उगवला की त्यालाही द्या!" हे ते कोणाला सांगत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आतून त्यांच्या पत्नी, नयनाबाई, म्हणत, "चहा निवतोय."

सरकारी कारखान्यात टेलिफोनची एक्स्चेंजं बनवण्यात विद्याधररावांची हयात गेली. तिथे काम चोख झालं तर कोणी काही बोलत नसे आणि बिघडलं तर सगळे बोलत. हीच जगाची योग्य रीत आहे, असं त्यांचं मत होतं. त्यांना मतं पुष्कळ होती. आठवड्याला सत्तर तास काम करा म्हणणारे मालक, रात्रीतून ईमेल टाकून माणसं काढणाऱ्या कंपन्या, निवडणुकीच्या आधी उगवणारे आणि पावसाळ्याच्या आधी मावळणारे रस्ते, माणसासारखं बोलणारी यंत्रं आणि यंत्रासारखी बोलणारी माणसं, ह्या प्रत्येकावर त्यांचं मत तयार असे आणि ते ऐकायला समोर कोणी असलंच पाहिजे असाही काही नियम नव्हता.

एका गोष्टीचा मात्र त्यांना राग नव्हता, अभिमान होता. ते मूळचे वाईचे. ऐन तारुण्यात बंगळुरात आले, जयनगरात घर केलं, इथेच केस पिकले, पण त्यांच्या मराठीत कानडीचा एक शब्द शिरला नाही. "इथली मराठी माणसं बघा," ते पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना सांगत, "एका वाक्यात दोन भाषांची खिचडी. आमच्या घरी मात्र तांदूळ तांदूळ आहे आणि डाळ डाळ." हे ते सांगू लागले की नयनाबाईंना स्वयंपाकघरात खोकला येई.

खिचडीचा रोख तिसऱ्या मजल्यावरच्या हणमंतरावांवर असे. हणमंतराव बंगळूरचे जुने मराठे. आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इथे आले, असं ते सांगत, पुरावा मागितला तर म्हणत, "आलो नसतो तर आता इथं कसा असतो?" चिक्कपेटेत त्यांचं पितळी आणि स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. पुढे दुकान बंद केलं आणि ते जयनगरातल्या ह्या जुन्या, तीन मजली इमारतीत निवांत झाले. इमारतीच्या फाटकापाशी करंजाच्या झाडाखाली एक सिमेंटचा बाक आहे. त्या बाकावर रोज सकाळी पेपर आणि विद्याधरराव आधी येत, हणमंतराव लिफ्टने मागून येत, आणि मग तासभर झाडावर कावळा बसत नसे.

"दहा मिनिटांत कोथिंबीर!" विद्याधरराव जाहिरातीवर बोट आपटत. "कशाला हवी? घर पेटलंय आणि ते कोथिंबिरीने विझवायचंय का? तो पोरगा सिग्नल तोडून येतो, उद्या मेला तर कंपनी म्हणणार, आमचा नोकरच नाही, आमचा भागीदार आहे!"

"स्वल्प बसून बोला की, अण्णा," हणमंतराव म्हणत. स्वल्प म्हणजे जरा. "तुम्हाला नको तर मागवू नका. धंदा हाय त्यो."

"धंदा! ईमेलवरून माणसं काढणं हाही धंदा?"

"ते वाईट," हणमंतराव मान्य करत. "मी माझ्या दुकानातला माणूस कधी काढला नाही. तो म्हातारा झाला, मी म्हातारा झालो, मग दुकानच काढून टाकलं."

"आणि जरा म्हणा. स्वल्प काय?"

"सरी."

"सरी नाही! ठीक आहे म्हणा! बरं म्हणा!"

"सरी, बरं म्हणतो," हणमंतराव म्हणत आणि विद्याधररावांच्या नाकाला मिरच्या झोंबत.

त्यांच्यातला सगळ्यात चिवट वाद फोनवरच्या एका बटणावरून होता. कुठलंही ॲप उघडलं की ते अटींचा एक लांबलचक कागद पुढे करतं आणि खाली बटण असतं, 'मी सहमत आहे.' विद्याधरराव तो कागद चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून वाचत आणि अकराव्या कलमाशी थांबून सहमत होण्यास नकार देत. त्यामुळे त्यांच्या फोनवर अर्ध्या गोष्टी चालत नसत आणि गॅसचा नंबर लावायला नयनाबाईंचा फोन लागे. हणमंतराव तेच बटण अंगठ्याने, न बघता दाबत.

"वाचलंत तरी का काय लिहिलंय ते?"

"वाचून काय? सरी म्हणायचं आणि पुढं जायचं."

"अहो, अशाच चोरतात ह्या कंपन्या! तुमच्या खिशातला पैसा नाही चोरत, तुमचं 'हो' चोरतात!" हे वाक्य विद्याधररावांना इतकं आवडलं की ते त्यांनी त्या आठवड्यात वाण्याला, बँकेच्या बाईंना आणि दाताच्या डॉक्टरला ऐकवलं. डॉक्टरला ऐकवताना तोंड उघडं असल्यामुळे ते नीट कळलं नाही, एवढंच.

आता मूळ गोष्ट. हणमंतराव न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर घेऊन रोज मोकळ्या हवेत चालायचं, जिना मात्र चढायचा नाही. ते रुग्णालयात असतानाच इमारतीची लिफ्ट बंद पडली. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवलं, दर वळणावर खुर्ची वाकडी झाली आणि हणमंतरावांनी डोळे मिटून घेतले. वर पोचल्यावर ते म्हणाले, "चौघांच्या खांद्यावर जिवंतपणी एकदा गेलो. पुरे. पुन्हा लिफ्टनंच उतरीन, नाहीतर दुसऱ्या वेळी डोळे मिटलेलेच असतील." त्यांच्या पत्नी भागीरथीबाईंनी पाणी आणून दिलं.

लिफ्ट ऊर्ध्वा एलिव्हेटर्स नावाच्या कंपनीची. पूर्वी ती अडकली की देवाप्पाला फोन करायचा. देवाप्पा म्हणजे कंपनीचा मेकॅनिक. तो स्कूटरवर पाना आणि पक्कड घेऊन येई, लिफ्टला दोन कानडी शिव्या देई आणि लिफ्ट चालू होई. मग कंपनीने सुधारणा केली. मेकॅनिकना थेट फोन करायचा नाही, तक्रार ॲपवर नोंदवायची, आणि पुढचं सगळं 'स्फूर्ती' बघेल. स्फूर्ती म्हणजे यंत्राचा आवाज. तो गोड होता, नम्र होता आणि दमत नव्हता. इतकी वाईट लक्षणं एकत्र असलेली बाई आपण पाहिली नाही, असं विद्याधरराव म्हणत.

त्या वर्षी इमारतीच्या कमिटीचे सचिव विद्याधरराव होते, म्हणजे स्फूर्तीची गाठ त्यांच्याशी होती. आधीच्या सचिवाने भाषा म्हणून कानडी लावून ठेवली होती. विद्याधररावांनी ती बदलायचा प्रयत्न केला तर बदलायच्या आधी अटींचा कागद आला. ते अकराव्या कलमापर्यंत गेले आणि परत आले. कानडी त्यांना समजे. ती आपण बोलत नाही, एवढाच त्यांचा दावा होता.

तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी स्फूर्तीचा फोन. "नमस्कारा सर. निम्म लिफ्ट सरी आयिता?" म्हणजे, तुमची लिफ्ट ठीक झाली का? विद्याधररावांनी तिला लिफ्ट कधीपासून बंद आहे, वरच्या मजल्यावर कोण आहे, त्याचं कुठलं हाड मोडलंय, लिफ्टच्या दाराचा सेन्सर कसा जळला असणार आणि त्यांच्या कारखान्यात असं झालं असतं तर काय झालं असतं, हे सगळं सविस्तर सांगितलं. बोलून झाल्यावर पाहिलं तर फोन मध्येच कधीतरी कट झाला होता. संध्याकाळी निरोप आला, 'आपल्या समाधानानुसार तक्रार निकाली काढली आहे. स्फूर्तीला किती तारे द्याल?'

विद्याधररावांनी डोक्यात राख घालून घेतली. पुन्हा तक्रार. पुन्हा फोन. पुन्हा सविस्तर निवेदन, ह्या वेळी आवाज चढवून. संध्याकाळी पुन्हा, 'आपल्या समाधानानुसार.' तिसऱ्या खेपेलाही तेच.

"माझं समाधान!" ते घरभर फिरले. "माझं समाधान ह्यांनी पाहिलंय का कधी? तू पाहिलंयस का?"

"नाही हो," नयनाबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून नाही पाहिलं."

त्यांनी कंपनीला इंग्रजीतून दोन पानी ईमेल लिहिला. उत्तर क्षणात आलं आणि ते स्फूर्तीनेच लिहिलं होतं. त्यांनी देवाप्पाचा जुना नंबर लावला. देवाप्पा म्हणाला, तक्रार उघडी असल्याशिवाय आलो तर माझी नोकरी जाईल, सार. तुमची तर बंद दिसते. विद्याधररावांची खात्री झाली की हा उघड कट आहे. मेकॅनिक पाठवायचा खर्च वाचावा म्हणून कंपनी आपणच तक्रारी बंद करते आणि वर आपल्याकडूनच तारे मागते. चोराच्या उलट्या बोंबा! इमारतीतल्या बाकीच्यांनी मान हलवली. ते सगळे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहत होते आणि त्यांचे गुडघे चांगले होते.

सकाळी बाकावर आता विद्याधरराव एकटे असत. पेपर वाचत, चिडत, आणि चिडून मान वर करत तर शेजारी करंजाची पानं पडलेली. मग ते जिना चढून वर जात. हणमंतराव पलंगावर खिडकीकडे तोंड करून बसलेले असत.

"वाचलंत का? आणखी एका कंपनीने हजार माणसं काढली. म्हणे यंत्रं त्यांचं काम करणार."

"सरी," हणमंतराव म्हणत.

"सरी काय? तुम्ही म्हणायला पाहिजे, धंदा हाय त्यो!"

"सरी, पण मी म्हणतो..."

"आता पण काय? तुमच्यासारख्या व्यापाऱ्यांनीच ह्यांना डोक्यावर चढवलंय!" आणि विद्याधरराव दोन्ही बाजूंनी वाद घालत. हणमंतराव ऐकत. थोड्या वेळाने पुन्हा म्हणत, "सरी." विद्याधरराव खाली येत तेव्हा वाद जिंकलेला असे आणि तोंडाला चव नसे. पालथ्या घड्यावर पाणी घालावं आणि घडाही आपलाच असावा, असं त्यांना वाटे.

एका गुरुवारी मोहनकुमार, हणमंतरावांचा मुलगा, जिन्यात भेटला. त्याचा बंगळूरबाहेर, आनेकलला छोटा कारखाना होता, पत्र्याचे सुटे भाग करायचा, आणि तिथेच तळमजल्यावर प्रशस्त घर होतं. "अंकल, रविवारी टेम्पो आणतोय," तो म्हणाला. "अप्पा आणि अम्माला आनेकलला नेतो. ही लिफ्ट काय होणार नाही. फ्लॅट भाड्यानं देतो."

"चार दिवसांसाठी?"

"कायमचं, अंकल. तिथं अंगण हाय, जिना नाही. अप्पांना विचारलं मी. सरी म्हणाले."

विद्याधरराव काही बोलले नाहीत, आणि ही बातमी नयनाबाईंना त्यांच्या न बोलण्यावरूनच कळली. आनेकल काही विलायत नव्हे; बस जाते. पण सकाळच्या पेपरवर भांडायला कोणी बसने आनेकलला जात नाही. एवढी वर्षं त्यांनी हणमंतरावांना हट्टी म्हटलं, अडाणी म्हटलं, भांडवलदारांचा हस्तक म्हटलं, मराठीचा मारेकरी म्हटलं. मित्र हा शब्द कधी वापरायची वेळच आली नव्हती. आता तो शब्द घशाशी आला आणि त्यांना फार राग आला. राग कोणावर काढायचा हे ठरलेलंच होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मेट्रोने यशवंतपूर गाठलं. ऊर्ध्वाचं कार्यालय तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामाच्या वर होतं. जिना चढून जावं लागलं. लिफ्टच्या कंपनीला लिफ्ट नव्हती. हे पाहून विद्याधररावांना त्या आठवड्यातला पहिला आनंद झाला. आत टेबलामागे शिवलीला नावाची मध्यमवयीन बाई होती. ती स्फूर्ती नव्हती, ती दमलेली होती, आणि तेवढ्यावरूनच तिच्याबद्दल त्यांचं मत बरं झालं.

त्यांनी हिंदीतून सुरुवात केली. कट, फसवणूक, ग्राहक न्यायालय, वर्तमानपत्रं, सगळं झालं. "तुम्ही आमचं 'हो' चोरता!" हेही झालं. शिवलीलाने चहा मागवला. मग म्हणाली, "सार, आम्ही तक्रार बंद करत नाही. तुम्ही हो म्हणता तेव्हाच बंद होते. रेकॉर्डिंग आहे."

"असूच शकत नाही. लावा. सगळ्यांसमोर लावा."

तिने लावलं. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वळवल्या. स्फूर्तीचा गोड आवाज आला, "निम्म लिफ्ट सरी आयिता?" आणि पाठोपाठ एक खणखणीत, घाईचा, पक्का बंगळुरी आवाज आला.

"सरी सरी, आता माझं ऐकून घ्या..."

आणि खट. संपलं.

"हा कोण?" विद्याधररावांनी विचारलं.

शिवलीलाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुढचं लावलं. "सरी आयिता?" "सरी सरी सरी, पण मी सांगतो ते..." खट. त्याच्या पुढचं. "सरी आयिता?" "सरीऽ, अहो बाई..." खट. प्रत्येक वेळी तोच माणूस, दर खेपेला जास्त चिडलेला, आणि दर खेपेला सुरुवात त्याच शब्दाने. जशी रिक्षावाल्याशी बोलताना, भाजीवालीशी बोलताना, जिन्यात वॉचमनशी बोलताना कोणीही जयनगरकर करतो तशी. ह्या शब्दाला तिथे हो असा अर्थ नसतो. ऐकतोय, कळलं, आता माझं ऐका, असा असतो. पण स्फूर्ती भाजीवाली नव्हती.

विद्याधररावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपला आवाज आपल्याला परका वाटतो हे त्यांना टेलिफोनमध्ये उमेदीची वर्षं घालवल्यामुळे ठाऊक होतं. पण हा परका वाटत नव्हता. हा हणमंतरावांसारखा वाटत होता. नयनाबाईंच्या खोकल्याचा अर्थ त्यांना त्या खुर्चीत बसून लागला, आणि तो खोकला किती जुना आहे हेही आठवलं.

तरी हार मानतील तर ते टेंबे कसले. "पण पुढे मी किती बोललो आहे! हाड मोडलं, सेन्सर जळला, ते सगळं कुठे गेलं?"

"पहिल्या शब्दावर उत्तर कळलं की यंत्र फोन ठेवतं, सार. वेळ वाचतो."

"आणि पुढचं कोण ऐकतं?"

"यारू इल्ला," शिवलीला म्हणाली. कोणी नाही. तिच्या आवाजात गंमत नव्हती. "आधी आम्ही बाराजणी ऐकायचो. आता मी एकटी उरलेय, मी फक्त भांडायला येतात त्यांचं ऐकते."

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर बाकावर मांडलेल्या मतांपैकी निम्म्यांना पुरावा होतं, आणि ते ऐकवायला शेजारी कोणी नव्हतं. त्यांनी चहा संपवला. शिवलीलाने तक्रार नव्याने उघडली आणि म्हणाली, आता फोन येईल, इथेच उत्तर द्या, एक शब्द फक्त, पुढे काही नाही.

एक शब्द! विद्याधररावांनी आयुष्यात कशालाच एका शब्दात उत्तर दिलं नव्हतं. लग्नाला होकार देतानासुद्धा हुंड्याच्या प्रथेवर दहा मिनिटं बोलले होते. खिशात फोन वाजला. "नमस्कारा सर. निम्म लिफ्ट सरी आयिता?" जिभेच्या टोकाशी तो शब्द येऊन उभाच होता. त्यांनी ओठ घट्ट मिटले. शिवलीला श्वास रोखून बघत होती.

"इल्ला," ते म्हणाले. नाही. वाईच्या टेंब्यांच्या घराण्यात शुद्ध हेतूने उच्चारलेला हा पहिला कानडी शब्द.

शनिवारी देवाप्पा आला, लिफ्टला दोन शिव्या दिल्या, सेन्सर बदलला. लिफ्ट घरघरत वर गेली आणि खाली आली. विद्याधरराव तीत बसून तीनदा वरखाली करून आले. हणमंतरावांच्या दारापाशी मात्र थांबले नाहीत. आत बांधाबांध चालू होती आणि भांड्यांचे आवाज येत होते.

रविवारी टेम्पो फाटकाशी लागला. पलंग गेला, कपाट गेलं. मग लिफ्टचं दार उघडलं आणि वॉकर धरून, धुतलेलं धोतर नेसून हणमंतराव स्वतःच्या पायांनी बाहेर आले. ऊन डोळ्यांवर आलं तसे ते थांबले. बाकापर्यंत आले आणि बसले.

"अप्पा, टेम्पोत पुढं बसा, सावली हाय," मोहनकुमार म्हणाला. घाम पुसत होता. मुलगा वाईट नव्हता, घाईत होता.

"लिफ्ट चालू झाली आहे, मोहन," विद्याधरराव म्हणाले.

"आज झाली, अंकल. उद्या पुन्हा बंद पडंल. आणि अप्पांनी स्वतः सरी म्हटलंय. विचारा की."

विद्याधरराव हणमंतरावांसमोर उभे राहिले. विचारायची त्यांना खरोखरच भीती वाटली. आजवर त्यांनी ह्या माणसाला हजार प्रश्न टाकले होते, आणि एकाचंही उत्तर त्यांना नको होतं. उत्तराच्या जागी त्यांची पुढची मतं तयार असत. वरच्या खोलीत तो "सरी, पण मी म्हणतो" म्हणाला होता तेव्हा फोन कोणी ठेवला होता? स्फूर्तीने नाही.

"हणमंतराव," ते म्हणाले, "ते सरी म्हणजे हो होतं, की ऐकलं असं होतं?"

मग ते गप्प बसले. हे इतकं अवघड असतं हे त्यांना माहीत नव्हतं. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मोहनकुमार काही बोलू लागला तेव्हा त्यांनी हात वर करून त्यालाही थांबवलं.

हणमंतरावांनी वॉकरची मूठ जरा चोळली. "तो सांगत होता," ते म्हणाले, "मी ऐकत होतो. सरी म्हटलं, आणि पुढं बोलणार होतो. तेवढ्यात तो खाली उतरून गेला. मग तुम्ही आलात. तुम्ही तर..." त्यांनी हात झटकला. "मला ह्या बाकावर बसायचंय, अण्णा. आनेकलचं अंगण मोठं हाय. पण तिथं माझं बोलणं चुकीचं हाय असं कोण म्हणणार?"

विद्याधररावांना हुंदका आला. तो त्यांनी खोकल्यात घातला. घरात सवय होती.

"अप्पा, मग तेव्हाच सांगायचं होतं की!" मोहनकुमार वैतागून म्हणाला. "सामान अर्धं चढवलं मी! अम्मा, तू तरी सांग. तू तर तयार होतीस."

भागीरथीबाई टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मांडीवर पितळेचा मिसळणाचा डबा होता, दुकान बंद करताना त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतलेला. गेले चार दिवस त्यांनी बांधाबांध केली होती आणि त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. खरं सांगायचं तर विद्याधररावांचंही नव्हतं. त्या सावकाश खाली उतरल्या.

"मी तयार होते?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी निदान सरी तरी म्हटलं. मला तेवढंही कोणी विचारलं नाही."

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.

"मग आता सांगा, अक्का," विद्याधरराव म्हणाले. अक्का म्हणजे ताई. त्यांच्या तोंडून हा शब्द प्रथमच आला होता, आणि आला हे त्यांना कळलंही नाही.

भागीरथीबाईंनी डबा मुलाच्या हातात दिला. "आधी हा वर नेऊन ठेव, स्वयंपाकघरात, खिडकीपाशी," त्या म्हणाल्या. "मग कपाट. आणि बिगी बिगी कर. लिफ्ट सरी हाय तोवर."